साउंड कार्ड काढलं आणि भलतंच काहीतरी दिसेनासं झालं: तपासणी कुठून सुरू करायची

साउंड कार्ड काढल्यावर आवाज गेला तर त्यात नवल नाही. पण कार्ड काढलं आणि हार्ड डिस्क दिसेना, डिस्प्ले येईना, नेट बंद पडलं, पुढच्या जॅकमध्ये हेडफोन खुपसला तरी मशीनला पत्ता नाही, असं झालं की माणूस गडबडतो. मग कोणीतरी ठरलेलं वाक्य टाकतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ बहुतेक वेळा लागत नाही.

कार्ड काढल्यामुळे दुसरा भाग खराब होणं दुर्मीळ आहे. खरी कारणं शेजारी असतात. कार्ड काढताना हात लागून एखादी केबल किंवा ग्राफिक्स कार्ड अर्धवट निसटतं. किंवा कामासाठी मशीनची वीज तासभर पूर्ण बंद राहते, तेवढ्यात बोर्डावरची दमलेली बॅटरी बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज विसरते. किंवा जुनं कार्ड होतं तेव्हाच्या काही सेटिंग्ज बायोसमध्ये आणि विंडोजमध्ये तशाच राहतात. तपासणीही याच क्रमाने करायची: आधी हाताने, मग बायोसमध्ये, सगळ्यात शेवटी विंडोजमध्ये. लोक नेमकं उलटं करतात. दिवसभर ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवत बसतात आणि डिस्क बोर्डाला जोडणारी साटाची केबल मात्र अर्धी बाहेर लोंबत असते.

एक नियम पक्का धरा. जी वस्तू बायोसला दिसत नाही ती विंडोजमध्ये शोधायला जाऊ नका. बायोसला दिसते आणि विंडोजला दिसत नाही, तर कॅबिनेट उघडायची गरज नाही. अर्धं काम या एका प्रश्नाने होतं.

पुन्हा उघडण्याआधी

पहिली तपासणी कॅबिनेटच्या मागे, बाहेरूनच. काम झाल्यावर वायरी परत लावताना मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टला लागणं ही फार नेहमीची चूक आहे. मदरबोर्डाचे पोर्ट वरच्या उभ्या पट्टीत असतात, ग्राफिक्स कार्डाचे खाली आडव्या पट्टीत. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असलेला इंटेलचा प्रोसेसर असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. मदरबोर्डाच्या पोर्टवर तुम्ही जन्मभर केबल लावून ठेवली तरी पडदा काळाच राहणार. तसंच स्पीकरची पिन हिरव्या जॅकमध्ये आहे ना ते पाहा. गुलाबी माइकचा, निळा लाइन-इनचा.

आता वीज. नुसतं शटडाउन पुरेसं नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) भिंतीच्या बटणाला जोडलेला असेपर्यंत बोर्डाला पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो. बोर्डावरचा बारका दिवा लागलेला दिसतो तो त्याचाच. अशा अवस्थेत कार्ड किंवा रॅम काढणं-घालणं म्हणजे चालू वायरीला हात घालणं. मशीन बंद करा, पिन भिंतीतून काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेला चार्ज उतरतो. तो दिवा विझल्यावरच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

विंडोज १० किंवा ११ असेल तर शटडाउनच्या आधी आणखी एक बाब. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शटडाउन हे खरं शटडाउन नसतं. विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून झोपतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. हार्डवेअर बदलताना हे नको. शिफ्ट धरून शटडाउनवर क्लिक करा, म्हणजे पूर्ण बंद होतं. नुसतं रिस्टार्ट केलं तरी गाभा नव्याने सुरू होतो.

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या अलीकडच्या बऱ्याच मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला माहीतही नसतं. बायोस रिसेट केल्यावर असं मशीन सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. मशीन अजून सुरू होत असेल तर आत्ताच दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात जाऊन की कागदावर उतरवून घ्या, किंवा विंडोज प्रो असेल तर कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर तात्पुरतं ‘सस्पेंड’ करा. की नसेल तर पुढची सीमॉस (बायोसच्या सेटिंग्ज साठवणारी मेमरी) साफ करण्याची पायरी करू नका.

स्थिर विजेचं नाशिककरांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो, शहरातही हवा कोरडी ठणठणीत असते आणि नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. तो आवाज हजारो व्होल्टचा असतो. माणसाला झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, चिपला इजा व्हायला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवलं नाही तरी रॅम गेलेली असू शकते. स्वेटर बाजूच्या खोलीत काढून या, सतरंजीवर बसून काम करू नका, लाकडी टेबल बरं. मधूनमधून कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावत राहा. पावसाळ्यात हा त्रास कमी, पण तेव्हा सोनेरी संपर्कांवर ओलसर धूळ बसते. तिच्याकडे पुढे येऊ.

हाताने तपासणी: साउंड कार्डाचे शेजारी

आजकालची आतली साउंड कार्डं बहुतेक पीसीआय एक्सप्रेसच्या सर्वांत आखूड, एक्स-वन स्लॉटमध्ये बसतात. क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर झेड किंवा असूसचं झोनार डीएक्स ही त्यातलीच. हा स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली किंवा वर असतो. दोन स्लॉट व्यापणारं जाड ग्राफिक्स कार्ड असेल तर साउंड कार्ड काढायला बोटं तिरकी घालावी लागतात, आणि त्यात ग्राफिक्स कार्डाला खालून धक्का बसतोच.

म्हणून आधी तेच पाहा. टॉर्च लावून बाजूने बघा: स्लॉटच्या काठावर सोनेरी रेघ सगळीकडे सारखी दिसते का, की एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला गायब? जाड दिसते तिकडे कार्ड उचललं गेलंय. बहुतेक वेळा उचलतं ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूचं टोक, आणि त्याला कारण मागचा स्क्रू. कार्डाच्या पत्र्याची खालची जीभ कॅबिनेटच्या खाचेत नीट उतरली नसेल तर स्क्रू आवळत जाल तसं मागचं टोक खाली आणि पुढचं टोक वर जातं. वरून सगळं घट्ट, आत मात्र काही संपर्क सुटलेले. स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची कडी दाबून कार्ड पूर्ण बाहेर घ्या, जीभ खाचेत आहे हे डोळ्याने बघून दोन्ही टोकांवर सारखा दाब देत बसवा. कडीचा टक् आवाज आला पाहिजे. कडी जाड कार्डाखाली लपली असेल तर लाकडी पट्टीने दाबा. स्क्रू ड्रायव्हरने दाबायला गेलात आणि तो घसरला, तर बोर्डावरची बारीक रेघ ओरबाडली जाते. ती कोणी दुरुस्त करून देत नाही. ग्राफिक्स कार्डाची सहा किंवा आठ पिनची वीज काढली असेल तर ती परत लावलीय ना, तेही बघा. हसू नका, विसरते.

अर्धवट बसलेल्या कार्डाचं एक फसवं लक्षण आहे. डिस्प्ले येतो, सगळं चालतं, पण खेळ अडखळतात. जीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘बस इंटरफेस’ची ओळ पाहा. एक्स-सोळा (जोडणीची पूर्ण रुंदी) असायला हवं तिथे ‘ॲट एक्स-चार’ किंवा ‘ॲट एक्स-वन’ दिसलं तर एकतर संपर्क अर्धवट आहे किंवा धूळ आहे. त्या ओळीतला १.१ किंवा ३.० हा आकडा निवांत असताना खाली येतो, तो विजेच्या बचतीसाठी. त्यावरून घाबरू नका, रुंदी पाहा.

दुसरा शेजारी साटाच्या केबली. बोर्डाच्या उजव्या काठाला, खालच्या बाजूला साटाचे पोर्ट असतात आणि साउंड कार्डाचं मोकळं टोक नेमकं तिकडेच येतं. ज्या केबलला धातूची पकड नाही ती नुसत्या कोपराच्या धक्क्याने निम्मी बाहेर येते. प्रत्येक केबल दोन्ही टोकांना काढून परत दाबा, बोर्डाच्या बाजूला आणि डिस्कच्या बाजूला. डेटाची केबल सात पिनची, विजेची पंधरा पिनची. विजेचा प्लग तिरका बसला असेल तर डिस्क फिरण्याचा आवाज येतो आणि मग थांबतो, पुन्हा येतो, पुन्हा थांबतो. कान लावला की कळतं.

तिसरी गोष्ट पडलेला स्क्रू. कार्ड काढताना एक स्क्रू हातातून निसटला, टणटण वाजत कुठेतरी गेला आणि ‘जाऊ दे, दुसरा लावू’ म्हणून सोडून दिला, असं झालं असेल तर तो मदरबोर्डाच्या मागे जाऊन दोन टाके जोडत बसू शकतो. मशीन बटण दाबताच एका क्षणासाठी पंखा हलवून बंद पडतं, त्याचं हे एक कारण. कॅबिनेट हळूच दोन्ही बाजूंना कलंडवा, स्क्रू घरंगळत बाहेर येईल. गदागदा हलवू नका.

झोनार डीएक्ससारख्या काही कार्डांना एसएमपीएसमधून जुन्या फ्लॉपीचा चार पिनचा छोटा प्लग लागायचा. कार्ड गेलं की तो प्लग मोकळा लोंबतो. त्यात पाच आणि बारा व्होल्ट असतात, उघडा धातू कॅबिनेटला टेकला तर एसएमपीएस संरक्षणात जाऊन बंद पडेल. टोकाला टेप गुंडाळा आणि झिप टायने बाजूला बांधा.

कॅबिनेटच्या मागची रिकामी खाच पत्र्याच्या पट्टीने बंद करा. हवेचा मार्ग नीट राहतो हे एक कारण. दुसरं कारण पाल. उबदार कॅबिनेटमध्ये शिरून एसएमपीएसजवळ मेलेली पाल पाहिलेला मेकॅनिक कुठलीच खाच उघडी सोडत नाही.

डिस्प्लेच येत नसेल तर

अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारके दिवे असतात. मशीन सुरू होताना ते क्रमाने लागून विझतात, जो लागून राहतो तिथे गाडी अडली. डीरॅमवर अडली तर रॅम, व्हीजीएवर अडली तर ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटरची केबल, बूटवर अडली तर डिस्क. जुन्या बोर्डांवर दिव्यांऐवजी बीप असतात. अवॉर्ड बायोसवर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची तक्रार.

रॅमसाठी सगळ्या पट्ट्या काढा आणि एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुतेक कंपन्या एका पट्टीसाठी हाच स्लॉट सांगतात. खाच जुळवून दोन्ही टोकं दाबा, कड्या आपोआप मिटल्या पाहिजेत. सोनेरी पट्टा काळवंडला असेल तर मऊ पांढऱ्या खोडरबराने हलके एकाच दिशेने पुसा, भुगा ब्रशने झाडा आणि वर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने एक हात फिरवा. खोडरबराची ही पद्धत प्रत्येक गल्लीत चालते आणि चालते म्हणूनच तिचा अतिरेक होतो. शाईचा खरखरीत रबर सोन्याचा मुलामाच घासून काढतो. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही नको. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. हवेचा पंप वापरा.

एवढं करूनही अडलं तर सीमॉस साफ करा. बोर्डावर असूसमध्ये ‘सीएलआरटीसी’, एमएसआयमध्ये ‘जेबॅट१’ अशा नावाच्या दोन पिना असतात. वीज काढलेली असताना त्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडायच्या. किंवा बॅटरी काढून दहा मिनिटं थांबायचं. नंतर पहिलं सुरू होणं हळू असतं. डीडीआर५ रॅम असलेल्या मशीनवर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो, बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. या वेळी ‘गेलं वाटतं’ म्हणून बटण दाबून बंद करू नका. चहा टाका.

बायोसमध्ये

मशीन सुरू झालं की लगेच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. बायोसमध्ये शिरल्यावर सगळ्यात आधी तारीख पाहा. तारीख काही वर्षं मागची, १ जानेवारीच्या आसपासची असेल तर अर्धं कोडं इथेच सुटलं. बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी संपली आहे. भिंतीचं बटण कायम चालू असेल तर स्टँडबाय विजेवर सेटिंग्ज टिकून राहतात आणि बॅटरी मेल्याचं वर्षानुवर्षं कळत नाही. तुम्ही कार्ड काढण्यासाठी पिन काढलीत तेव्हा ते उघड झालं. साउंड कार्ड बिचारं नाहक बदनाम. नवी बॅटरी तीन व्होल्टहून थोडी जास्त दाखवते. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसली तर बदला. वजनकाट्यातही हीच लागते, कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये मिळते.

सेटिंग्ज उडाल्या असतील किंवा तुम्ही स्वतः सीमॉस साफ केलं असेल, तर इथे चार ठिकाणी बारकाईने पाहावं लागतं.

साटाचा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते. विंडोज टाकलं तेव्हा तो रेड किंवा आरएसटी होता आणि आता एएचसीआय झाला, किंवा उलट, तर निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. डिस्क धडधाकट असते. मोड पूर्वीसारखा केला की विंडोज उघडतं.

सीएसएम आणि यूईएफआय, म्हणजे मशीन बूट करण्याची जुनी आणि नवी पद्धत. जुन्या पद्धतीने एमबीआर (जुन्या तऱ्हेच्या विभागणीच्या) डिस्कवर टाकलेलं विंडोज सीएसएम बंद झालं की बूटच्या यादीतून गायब होतं.

बूटचा क्रम. विंडोजची डिस्क पहिली करा.

ऑनबोर्ड ऑडिओ. साउंड कार्ड घालताना ज्याने काम केलं त्याने बायोसमधून बोर्डाचा स्वतःचा ऑडिओ बंद केलेला असण्याची शक्यता दाट आहे, कारण तसं करण्याची पद्धतच होती. असूसमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’मधल्या ‘ऑनबोर्ड डिव्हाइसेस’मध्ये, एमएसआयमध्ये ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’मध्ये, गिगाबाइटमध्ये ‘आयओ पोर्ट्स’मध्ये ‘एचडी ऑडिओ कंट्रोलर’ असा पर्याय मिळतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बोर्डावर त्याचं नाव ‘अझालिया’ असू शकतं. ‘ऑटो’ असेल तर सरळ ‘एनेबल्ड’ करा. एफ१० ने साठवा आणि एकदा पूर्ण बंद करून पिन काढून परत सुरू करा. काही बोर्डांवर ऑडिओची चिप नुसत्या रिस्टार्टने जागी होत नाही.

फार जुनं, पांढऱ्या लांब पीसीआय स्लॉटचं मशीन असेल तर ‘पीएनपी / पीसीआय कॉन्फिगरेशन्स’मध्ये ‘रिसेट कॉन्फिगरेशन डेटा’ असा पर्याय असतो. तो ‘येस’ केला की बायोस जुन्या कार्डाच्या नावाने राखून ठेवलेले आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारण्याच्या ओळी) आणि पत्ते विसरतं आणि सगळ्या वस्तूंची नव्याने वाटणी करतं.

डिस्क बायोसमध्ये दिसत नसेल तर केबल बदला, मग पोर्ट बदला. इथे एक मेख आहे. कार्ड काढून मोकळ्या झालेल्या जागेचा फायदा घेत तुम्ही त्याच वेळी एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी डिस्क) किंवा दुसरं कार्ड बसवलं का? बऱ्याच बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट आणि साटाचे एक-दोन पोर्ट एकाच मार्गिकेवर असतात. एम.२ भरला की ते पोर्ट बंद. बहुधा पाचवा आणि सहावा. बोर्डाच्या पुस्तिकेत त्याचा तक्ता असतो. डिस्क पहिल्या किंवा दुसऱ्या पोर्टला लावली की प्रश्न मिटतो.

डिस्क बायोसला दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये नाही? स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ‘ऑफलाइन’ असेल तर ऑनलाइन करा, अक्षर गेलं असेल तर अक्षर द्या. पण ‘इनिशिअलाइज डिस्क’ अशी खिडकी आली आणि डिस्कवर डेटा आहे, तर ‘कॅन्सल’. तिथे ओके दाबून लग्नाचे फोटो गमावलेले लोक कमी नाहीत.

पुढचा जॅक

साउंड कार्ड असताना कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर अनेकदा त्या कार्डावर जोडलेली असते. कार्ड निघालं, वायर लोंबत राहिली, आणि हेडफोन ‘डिटेक्ट होत नाही’. ती वायर आता बोर्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या नऊ पिनच्या जागी लावायची. तिथे ‘एफ ऑडिओ’, ‘जेएयूडी१’ किंवा ‘एएएफपी’ असं छापलेलं असतं.

इथे जरा डोळे बारीक करा. यूएसबीचा हेडरही नऊ पिनचाच असतो आणि बरेचदा शेजारीच. फरक गाळलेल्या पिनेचा. दोन ओळींत पाच-पाच जागा. यूएसबीत एका टोकाची जागा रिकामी, ऑडिओत टोकाच्या अलीकडची. प्लगमध्येही त्याच जागी भोक बुजवलेलं असतं. जोर लावावा लागत असेल तर जागा चुकलीय. ऑडिओच्या प्लगवर ‘एचडी ऑडिओ’ आणि ‘एसी ९७’ अशी दोन टोकं असतील तर एचडीचं लावा. एसी ९७ लावलं तर आवाज येईल कदाचित, पण हेडफोन घातल्याचं बोर्डाला कळणार नाही.

विंडोजमधली भुतं

आता विंडोज. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा. काढलेलं कार्ड फिकट रंगात दिसेल, उघडल्यावर कोड ४५ मिळेल. म्हणजे वस्तू जोडलेली नाही. हे भूत एरवी निरुपद्रवी असतं, पण त्याचा ड्रायव्हर आणि कंट्रोल पॅनल मागे राहिलं तर आवाजाचा मार्ग तिकडेच वळवत बसतं. आधी ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून कार्डाचं सॉफ्टवेअर काढा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये फिकट नोंदीवर ‘अनइन्स्टॉल’ करा आणि ड्रायव्हरही काढण्याच्या चौकोनात खूण करा. रिस्टार्ट. क्रिएटिव्हचे अवशेष चिवट असतात. ते राहिले तर सेफ मोडमध्ये डीडीयू हा ड्रायव्हर मुळासकट काढणारा प्रोग्रॅम चालवा, त्यात ऑडिओसाठी वेगळा भाग आहे.

बाकीच्या कोडांचा अर्थ थोडक्यात असा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड २२ म्हणजे कोणीतरी बंद केलंय, ‘एनेबल’ करा. कोड १० म्हणजे वस्तू सुरूच होत नाही, ड्रायव्हर काढून नवा टाका. कोड १२ म्हणजे संसाधनं पुरत नाहीत. कोड ४३ ग्राफिक्स कार्डावर आला तर विंडोज सोडा आणि वर जाऊन सोनेरी रेघ पुन्हा बघा.

‘अननोन डिव्हाइस’ दिसत असेल तर त्याच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ बघा. ‘वेन’नंतरचे चार अंक कंपनी सांगतात: ८०८६ इंटेल, १०२२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया, १०ईसी रिअलटेक, ११०२ क्रिएटिव्ह. एवढ्यावरून शोध निम्मा होतो. ड्रायव्हर मदरबोर्डाच्या कंपनीच्या पानावरूनच घ्या, मॉडेलचं नाव बोर्डावर स्लॉटच्या मधल्या जागेत छापलेलं असतं. आधी चिपसेटचा टाका, रिस्टार्ट, मग ऑडिओचा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणारे प्रोग्रॅम टाकू नका. रिअलटेकचा ड्रायव्हर रुसलाच तर ‘अपडेट ड्रायव्हर’मधून यादी उघडून विंडोजचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडा. साधा आवाज त्यावर नक्की येतो.

सगळं बरोबर दिसतंय, तरी आवाज नाही? सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, आणि तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. जुनं कार्ड गेल्यावर विंडोज हमखास मॉनिटरचा एचडीएमआय ऑडिओ ‘डिफॉल्ट’ करतं. मॉनिटरला स्पीकर नसतो, मग आवाज जातो कुठे? स्पीकर निवडून ‘सेट डिफॉल्ट’ करा. रिकाम्या जागी राइट क्लिक करून बंद आणि न जोडलेली उपकरणंही दाखवायला सांगा. रेकॉर्डिंगचे प्रोग्रॅम मात्र विंडोजचं डिफॉल्ट मानतीलच असं नाही. त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जुन्या कार्डाचं नाव अडकलेलं असतं.

नेट गेलं तर

सातपूर-अंबडच्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या ऑफिसात टॅलीच्या मशीनला ठरावीक आयपी दिलेला असतो. कार्ड काढल्यावर काही बोर्डांवर लॅन (नेटची वायर लागते तो भाग) विंडोजला नवी वस्तू वाटते, नावापुढे ‘#२’ लागतं आणि आयपी पुन्हा ऑटोमॅटिकवर जातो. मग बाकीची मशीन सर्व्हर शोधत बसतात. जुना आयपी घालायला गेलात तर विंडोज सांगतं की हा पत्ता आता नसलेल्या दुसऱ्या अडॅप्टरकडे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून फिकट अडॅप्टर आधी काढा आणि मग आयपी भरा.

लिनक्समध्ये हे कारण उघड दिसतं. लॅनचं ‘ईएनपी५एस०’ हे नाव पीसीआय बसच्या क्रमांकावरून पडतं. एक कार्ड गेलं की बायोस तो रिकामा मार्ग बंद करतं, पुढचे क्रमांक एकाने सरकतात आणि तीच लॅन ‘ईएनपी४एस०’ होते. नेटप्लॅनच्या (नेटच्या सेटिंग्ज लिहिलेल्या) फाइलमध्ये जुनं नाव असतं, म्हणून नेट उठत नाही. नाव बदला, किंवा मॅक पत्त्यावरून (लॅनच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून) जुळवणी लिहून टाका म्हणजे पुढच्या वेळी डोकेदुखी नाही. आवाजासाठी मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंग्जच्या) फोल्डरमध्ये कोणी ऑनबोर्ड ऑडिओचा मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करून ठेवलाय का, ते पाहा.

लिनक्सचा विंडोजवाल्यांनाही उपयोग आहे. उबुंटू हा लिनक्सचा प्रकार पेन ड्राइव्हवर घेऊन, डिस्कवर न टाकता नुसतं चालवा. तिथे आवाज आला, डिस्क दिसली, नेट चाललं, तर हार्डवेअर निर्दोष आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे. तिथेही नाही आलं तर पुन्हा कॅबिनेट उघडा. ‘फॉरमॅट मारू का’ या प्रश्नाचं उत्तर देणारी यापेक्षा स्वस्त चाचणी नाही.

आवाज आला, पण घुर्र करतोय

जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये, पंचवटीतल्या जुन्या घरांमध्ये तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागे वायर नसते. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मेन्सच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगतो. प्रवाह अगदी किरकोळ, पण हाताला झिणझिण्या येतात आणि टेस्टर मिणमिणतो. चांगल्या साउंड कार्डात तो आवाज बराच दबलेला असतो, ऑनबोर्ड ऑडिओवर आल्यावर स्पीकरमध्ये घुर्र सुरू होते. ड्रायव्हर बदलून ती जाणार नाही. वायरमनला बोलावून फेज ते अर्थ मोजायला सांगा. २३० च्या आसपास यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तोवर एचडीएमआयची आणि स्पीकरची पिन मशीन चालू असताना काढू-घालू नका, पोर्ट जळतात ते बरेचदा असेच.

दुकानात न्यायची वेळ आली तर

एकच रॅम, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एवढ्यावरही मशीन उठत नसेल, किंवा स्लॉटच्या आत वाकलेली पिन दिसली, तर थांबा. एम. जी. रोडवर किंवा जवळच्या दुकानात नेताना नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. कुठलं कार्ड काढलं, कुठला दिवा अडकतो, किती बीप येतात आणि सीमॉस साफ केलं का, हे चार मुद्दे फोनमध्ये लिहून न्या. काढलेलं साउंड कार्डही सोबत न्या. ते परत बसवल्यावर मशीन पहिल्यासारखं उठतं का, हे पाच मिनिटांत कळतं आणि त्यावरून बोर्डाचा दोष आहे की बसवण्याचा, ते ठरतं. मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्याच केबली द्या. दुसऱ्या कंपनीच्या केबलची पिनरचना वेगळी असते आणि ती लावली तर डिस्क क्षणात जळते. बिटलॉकरची की लिहिलेला कागद मात्र घरीच ठेवा, त्यांनी मागितली तर तिथे जाऊन स्वतः टाका.